भारत दोहात काय करेल? आणि कोरोना टेस्टिंगशिवाय आपली मैदानं उघडणार कशी?

मोहननगर_११ | २ जून २०२१, रात्री ९:४०

वर्ल्डकप आणि एशियन कपच्या पात्रता फेरीत उद्या रात्री साडेदहाला दोहात भारत-कतार फुटबॉल सामना. मग ७ तारखेला बांगलादेश आणि १५ ला अफगाणिस्तान. या फेरीतल्या पाच सामन्यांत आपले तीन गुण, तेही तीन बरोबऱ्यांचे. विजय एकही नाही. वर्ल्डकपचा विषय संपलाय, पण गटात तिसरे आलो तर २०२३ च्या एशियन कप पात्रतेच्या पुढच्या टप्प्यात थेट जाता येईल. म्हणून हे तीन सामने मला फार महत्त्वाचे वाटतात.

कतारकडून जे मिळेल ते मिळेल. बांगलादेश आणि अफगाणिस्तान मिळून चार गुण हवेतच, आणि हा संघ ते मिळवू शकतो असं माझं ठाम मत आहे.

लोक प्रशिक्षक स्टिमॅचच्या फॉर्मेशनवर भांडताहेत. मला तर या संघाचं निम्मं भवितव्य टेस्टिंगनेच ठरवलंय असं दिसतं. मार्चमध्ये कर्णधार छेत्री पॉझिटिव्ह आला, दुबईतले दोन्ही मैत्रीपूर्ण सामने हुकले. ओमानशी १-१ झालं, यूएईने सहा गोल घातले. मे महिन्यातला कोलकात्याचा कॅम्प कोरोनामुळे रद्द. १९ मेला निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन सगळे दोहाला गेले आणि तिथे बबलमध्ये (बाहेरच्यांपासून पूर्ण वेगळं राहून) जेमतेम दोन आठवडे सराव झाला. एवढ्या तयारीवर आशियाई विजेत्यांसमोर उभं राहायचंय.

आता दुसरा मुद्दा, आपल्या नागपूरचा. वर्ध्याच्या रस्त्यावर आपल्या नीरी या संशोधन संस्थेने गुळण्यांची कोरोना टेस्ट बनवली आणि २८ मेला आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने तिला मान्यता दिली. नाकात काडी नाही, सलाइनने गुळणी करायची आणि त्याच नळीत थुंकायचं. ज्यांच्याकडे टेस्टिंग आहे ते गेल्या वर्षभरापासून खेळताहेत. ज्यांच्याकडे नाही त्यांची मैदानं बंद आहेत. ही टेस्ट नागपूरच्या क्लबांसाठी, पोरांसाठी का वापरू नये?

तुम्हाला काय वाटतं? दोन्ही प्रश्नांवर लिहा.

वऱ्हाडी_बॅक | २ जून, रात्री १०:०५

भाऊ, २०१९ च्या सप्टेंबरात कतारसंग ०-० झाली तवा छेत्री आजारीच होता ना. गोलकीपर गुरप्रीतनं एकट्यानं सामना ओढला होता. उद्या बी सारं त्याच्याच भरवशावर आहे. मले वाटते बरोबरी होऊ शकते. अवघड आहे, पण होऊ शकते.

स्वीपर | २ जून, रात्री १०:३१

असहमत. टेस्टिंगला जरा जास्तच श्रेय (किंवा दोष) देताय. ओमानकडून गुवाहाटीत छेत्रीने गोल करूनही शेवटच्या दहा मिनिटांत दोन खाल्ले, तेव्हा कोरोना कुठे होता? बांगलादेशशी कोलकात्यात १-१, तिथेही नव्हता. आपला आजार जुना आहे: छेत्रीशिवाय गोल करणारा नाही आणि ऐंशीव्या मिनिटानंतर पायात दम नाही.

कॅम्प रद्द झाल्याने फरक पडतो हे मान्य. पण निम्मं भवितव्य? नाही.

मोहननगर_११ | २ जून, रात्री १०:४८

स्वीपर, शेवटच्या दहा मिनिटांतला दम कॅम्पमध्येच येतो ना! आयएसएल ही देशातली लीग १३ मार्चला संपली. त्यानंतर बहुतेक पोरं घरी बसली, जिम बंद, मैदान बंद. दम आणायचा कुठून?

कामठीकर | २ जून, रात्री ११:१५

मैदानाचा विषय काढलात म्हणून लिहितो. कामठीत फुटबॉल बंद म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे संध्याकाळी कोणी कुठे गेलं हे घरी सांगावं लागत नाही, मैदानावरच असणार. रब्बानी क्लबचं नाव तर विदर्भभर सगळ्यांना माहीत आहे. गेलं वर्षभर पोरं गल्लीत भिंतीवर बॉल मारतात आणि शेजारच्यांची बोलणी खातात. माझा पुतण्या सतरा वर्षांचा. या वयात वर्ष वाया जाणं म्हणजे थेट निवड चाचणीतून बाहेर. त्याला पुढच्या वर्षी कोण म्हणणार, बाबा तुझं एक वर्ष परत घे.

गुळण्यांची टेस्ट स्वस्त पडत असेल तर आम्ही वर्गणी काढू. खरंच सांगतो.

धंतोलीची_लेक | ३ जून, सकाळी ८:२०

इथे सहसा फक्त वाचते. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एप्रिलमध्ये माझ्या बाबांना ताप आला. सॅम्पल द्यायला रांग, उन्हात, खुर्ची नाही. रिपोर्ट येईना. रिपोर्ट नाही म्हणून बेड नाही. फोन केला की समोरून एकच प्रश्न, एचआरसीटी (छातीच्या स्कॅनचा) स्कोअर किती. पॉझिटिव्ह असल्याचा मेसेज मोबाइलवर आला तेव्हा बाबा गेलेले होते.

आणि मी वाचते की इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूंच्या आठवड्यातून दोनदा टेस्ट. लक्षणं नसताना. आता तुम्ही इथेही तेच मागताय. पोरांनी खेळू नये असं मी म्हणत नाही. पण यंत्रं तीच, तंत्रज्ञ तेच, केमिकल तेच. आधी कोणाचं सॅम्पल लागणार ते सांगा.

वऱ्हाडी_बॅक | ३ जून, सकाळी ८:४४

ताई, लय वाईट झालं. काय लिहू समजत नाही. बाबांना नमस्कार.

मोहननगर_११ | ३ जून, सकाळी ९:३०

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणार नाही. आजारी माणसाचं सॅम्पल आधी. नेहमीच आधी. एप्रिलमध्ये कोणी फुटबॉलसाठी टेस्ट मागितली असती तर मीच विरोध केला असता.

मी जूनबद्दल बोलतोय. मेयो, मेडिकल, एम्स, नीरी, पशुवैद्यकीय विद्यापीठाची लॅब, टेस्टची ही क्षमता एका वर्षात उभी राहिली आहे. लाट ओसरल्यावर ती रिकामी ठेवायची की पुढची लाट लवकर ओळखायला वापरायची? पोरं एकत्र येतात ते मैदान त्यासाठी चांगली जागा आहे असं मला मनापासून वाटतं.

लॅबताई | ३ जून, दुपारी २:१०

नागपुरातल्याच एका लॅबमध्ये काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

धंतोलीची_लेक, एप्रिलमध्ये आम्ही घरी गेलो की अंघोळ करून सरळ झोपायचो आणि उठून परत लॅबमध्ये. नळ्यांचे ढीग संपायचे नाहीत. तुमच्यासारख्या घरांचे रिपोर्ट त्यातच होते. त्याचं दुःख आम्हालाही आहे.

आता गुळण्यांच्या टेस्टबद्दल. लोकांना वाटतं मुख्य सोय म्हणजे नाकात काडी नाही. खरी सोय पुढे आहे. पंधरा सेकंद गुळणी, पंधरा सेकंद तोंडात सलाइन खळखळवायचं, मग नळीत. हे माणूस स्वतःच करतो, म्हणजे पीपीई घालून सॅम्पल घेणारा लागत नाही. लॅबमध्ये ते नीरीच्या बफरमध्ये (खास द्रावणात) अर्धा तास ठेवतात, मग ९८ अंशांवर सहा मिनिटं तापवतात आणि थेट आरटीपीसीआरला लावतात. आरएनए (विषाणूचं जनुकीय द्रव्य) वेगळा काढायची पायरीच गळते. ती पायरी वेळखाऊ आणि महाग. एप्रिलमध्ये आमचं घोडं तिथेच अडायचं. म्हणून ही पद्धत आजारी माणसासाठीही चांगली आणि तुमच्या पोरांसाठीही.

दुसरं, पूल टेस्टिंग. पाच जणांचे नमुने एकत्र करून एकच टेस्ट. निगेटिव्ह आली तर पाचही मोकळे. पॉझिटिव्ह आली तर पाचांची वेगवेगळी करायची. पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण अगदी कमी असेल तेव्हाच हे परवडतं. एप्रिलमध्ये प्रत्येक पूल पॉझिटिव्ह आला असता आणि काम उलट वाढलं असतं. प्रमाण खाली आलं की मात्र अकरा पोरांच्या संघाला तीन टेस्ट पुरतात.

तिसरं, आणि हे नीट वाचा. निगेटिव्ह म्हणजे सुरक्षित, असं नाही. संसर्ग झाल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून फुटबॉल लीगवाले एकदाच टेस्ट करून थांबत नाहीत, पुन्हा पुन्हा करतात. एकदाच टेस्ट करून स्पर्धा भरवणार असाल तर न केलेली बरी. खोटा धीर येतो आणि मास्क खिशात जातो.

सदर_गोली | ३ जून, दुपारी ३:०२

फार छान माहिती, ताई. एक शंका. घरी करायची ती अँटिजेन किट आली आहे ना आता, पुण्याच्या मायलॅबची, २५० रुपयांची? मैदानाच्या गेटवर तीच केली तर?

लॅबताई | ३ जून, दुपारी ३:२५

ती मुख्यतः लक्षणं असलेल्यांसाठी आणि पॉझिटिव्हच्या संपर्कात आलेल्यांसाठी आहे. अँटिजेन पॉझिटिव्ह आली तर पॉझिटिव्ह धरायची. लक्षणं असून निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायचीच. आणि २५० गुणिले पंचवीस पोरं, दर आठवड्याला, हिशेब करून बघा. आरटीपीसीआर आपल्याकडे गेल्या वर्षी ४५०० पर्यंत होती, आता संकलन केंद्रावर जाऊन दिली तर ५०० ला होते. पूल केली तर डोईमागे शंभर.

पुण्यातला_नागपूरकर | ३ जून, संध्याकाळी ६:५०

जर्मनीचं उदाहरण द्यायला हवं. बुंडेसलिगा गेल्या वर्षी १६ मेला सुरू झाली, मोठ्या लीगांमध्ये सगळ्यात आधी. रिकामं स्टेडियम, डॉर्टमुंडने शाल्केला ४-० ने धुतलं, पहिला गोल हालांडचा. पण त्याच्या आठवडाभर आधी दुसऱ्या डिव्हिजनच्या डायनॅमो ड्रेस्डेनमध्ये दोन पॉझिटिव्ह निघाले आणि अख्खा संघ चौदा दिवस घरात कोंडला गेला. बाकीचे खेळत होते तेव्हा हे दिवाणखान्यात उड्या मारत होते. नंतर त्यांना सामन्यांवर सामने खेळावे लागले आणि शेवटी ते खाली तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेले.

इंग्लंडच्या लीगमध्ये टेस्टिंगच्या पहिल्या फेरीत ७४८ टेस्ट, ६ पॉझिटिव्ह. तिथे फक्त पॉझिटिव्ह खेळाडू सात दिवस घरी, बाकीचा संघ मैदानात. म्हणजे टेस्ट तीच, पण पॉझिटिव्ह आल्यावर काय करायचं हा नियम वेगळा, आणि त्यावर क्लबचं नशीब फिरतं. आपल्याकडे टेस्ट मागण्याआधी हा नियम ठरवा. एक पोरगं पॉझिटिव्ह आलं तर पूर्ण क्लब बंद करणार का? मग पुढच्या वेळी कोणता प्रशिक्षक खोकणाऱ्या पोराला पुढे करेल?

कामठीकर | ३ जून, संध्याकाळी ७:१२

हा शेवटचा प्रश्न लाख मोलाचा. आमच्याकडे गेल्या वर्षी लोक टेस्टला का घाबरायचे? काडीला नाही. गल्लीला टिन ठोकतील, घरच्या सगळ्यांना उचलून क्वारंटाइनला नेतील, याला घाबरायचे. पोरांचंही तेच होईल.

सदर_गोली | ३ जून, रात्री १०:४९

अरे सतराव्या मिनिटाला आपल्या भेकेला दुसरं पिवळं कार्ड! हाताला बॉल लागला. दहा जण.

वऱ्हाडी_बॅक | ३ जून, रात्री ११:०८

खाल्ला गोल. कतारच्या हातेमनं मारला. आता गुरप्रीत किती वाचवते तेच पाहायचं.

वऱ्हाडी_बॅक | ४ जून, रात्री १२:३५

०-१. सत्तर मिनिटांच्या वर दहा जणांनी खेळून एकच गोल खाल्ला! गुरप्रीतच्या पाया पडावंसं वाटून राह्यलं. एक काढला की दुसरा येते, तो काढला की तिसरा. मायबाप माणूस आहे तो. घरात सारे झोपले होते, मी तोंडावर उशी धरून ओरडत होतो.

स्वीपर | ४ जून, सकाळी ७:४०

गुरप्रीत अप्रतिमच. पण पुढे तीन पास सलग जात नव्हते. दहा जण असल्याने फार बोलत नाही, बांगलादेशसमोर कळेल. तिकडे बांगलादेश-अफगाणिस्तान १-१ झालं. म्हणजे अफगाणिस्तान पाच, आपण तीन, बांगलादेश दोन. आता धागाकर्त्यांचा चार गुणांचा हिशेब अगदी बरोबर बसतोय.

मोहननगर_११ | ५ जून, सकाळी १०:१५

अनिरुद्ध थापा दोहात पॉझिटिव्ह निघाला, हॉटेलमध्ये वेगळा ठेवलाय. बबलमध्ये राहून! चेन्नईयिनचा हा पोरगा मधल्या फळीत पळून पळून जागा भरतो, आणि स्वीपर म्हणतात तो पास न जाण्याचा प्रश्न त्याच्या नसण्यानेही वाढतो. बाकी संघ खेळू शकला तो सततच्या टेस्टिंगमुळेच. त्याला वेळेत बाजूला काढला नसता तर आज अकरा जण उभे करायची पंचाईत झाली असती.

शिक्षिका_मनीषनगर | ५ जून, दुपारी १२:३०

मी शाळेत शिकवते, मुलगा चौदा वर्षांचा, फुटबॉलवेडा. पण सप्टेंबरपर्यंत तरी त्याला मैदानावर पाठवणार नाही. तिसरी लाट मुलांना गाठेल असं सगळीकडे बोललं जातंय. तो दिवसभर मोबाइलवर फुटबॉल खेळतो, डोळे लाल करून घेतो, तेही बघवत नाही. पण भीती जास्त मोठी आहे. टेस्ट असो नसो.

लॅबताई | ५ जून, दुपारी १:०५

तुमची काळजी समजते. मुलांना मुद्दाम गाठणारी लाट येईल याला अजून पुरावा नाही; आत्तापर्यंत मुलांमध्ये आजार बहुधा सौम्यच दिसला आहे. उघडं मैदान बंद वर्गापेक्षा कमी धोक्याचं, हेही खरं. धोका खेळापेक्षा खेळाच्या आगेमागे जास्त: एकच पाण्याची बाटली, एका ऑटोत कोंबलेली आठ पोरं, सामन्यानंतर गळ्यात गळे घालून नाश्ता.

सदर_गोली | ५ जून, दुपारी १:२०

सामन्यानंतरच्या तर्री पोह्यांवर बंदी घालाल तर अख्खं नागपूर रस्त्यावर येईल, ताई! 😄

वऱ्हाडी_बॅक | ५ जून, दुपारी १:३३

तर्री एवढी झणझणीत पाह्यजे का विषाणू स्वतःच पळून जाईन. (अवांतर: कस्तुरचंद पार्कजवळचे पोहे पार्सल भेटून राह्यले का सध्या? कोणाले माहीत असन तं सांगा.)

लॅबताई | ५ जून, दुपारी १:४०

तर्रीने विषाणू मरत नाही, पण पार्सल घेऊन अंतरावर उभं राहून खायला माझी हरकत नाही. 😊

धंतोलीची_लेक | ७ जून, संध्याकाळी ५:५५

आत्ता पंतप्रधानांचं भाषण ऐकलं. २१ तारखेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना केंद्राकडून मोफत लस. आपल्याकडे १२ मेपासून १८ ते ४४ चं लसीकरण तुटवड्यामुळे थांबलंच होतं.

चार दिवसांपासून तुमचा धागा वाचते आहे, लॅबताईंचं सगळं दोनदा वाचलं. माझं मत असं झालंय: क्लबमधल्या अठराच्या वरच्या प्रत्येकाने, प्रशिक्षक आणि पंचांनी धरून, आधी लस घ्यावी. मगच टेस्टची वर्गणी. आणि वर्गणी काढाल तर त्यात मैदानाजवळच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या टेस्टचाही वाटा ठेवा. पोरं घरी जाऊन त्यांच्याच शेजारी झोपतात. असं करणार असाल तर माझी वर्गणी पहिली.

कामठीकर | ७ जून, संध्याकाळी ६:१८

ताई, आमच्याकडून शब्द. म्हाताऱ्यांचा वाटा राहील.

वऱ्हाडी_बॅक | ७ जून, रात्री ९:०२

छेत्रीऽऽऽ!! ७९ व्या मिनिटाले आशिकचा क्रॉस, अन् याचा हेडर. मधी कोणीच नाही!

वऱ्हाडी_बॅक | ७ जून, रात्री ९:२४

अन् दुसरा बी त्याचाच, भरपाईच्या वेळात. २-०. जिंकलो, लेकहो! चौऱ्याहत्तर गोल झाले. मेस्सीचे बहात्तर आहेत.

स्वीपर | ७ जून, रात्री १०:१०

विजयाचा आनंद मलाही आहे, पहिलाच या पात्रता फेरीतला. पण माझा मुद्दा तसाच उभा आहे. ७८ मिनिटं गोल नाही आणि शेवटी छत्तीस वर्षांचा माणूसच धावून येतो. मार्चमध्ये कोरोना होऊन गेलेला माणूस. तो नसेल तेव्हा?

मोहननगर_११ | ७ जून, रात्री १०:४०

यावर वाद नाही. आणि म्हणूनच कामठीकरांच्या पुतण्याचं वर्ष महत्त्वाचं आहे! छेत्रीनंतरचा गोल मारणारा नंबर नऊ आज कुठल्यातरी गावात सतरा वर्षांचा असणार, आणि त्याचं मैदान बंद आहे. दोन्ही प्रश्न एकाच धाग्यात घेतले ते याचसाठी.

पुण्यातला_नागपूरकर | ९ जून, रात्री ११:३०

युरो कप परवापासून. स्पेनची गंमत बघा: बुस्केट्स पॉझिटिव्ह, सगळा संघ वेगळा, म्हणून लिथुआनियाशी २१ वर्षांखालची पोरं उतरवली आणि ती ४-० ने जिंकली. स्वीडनचा कुलुसेव्हस्कीही पॉझिटिव्ह. यूएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेचा नियम: गोलकीपर धरून तेरा जण उभे राहत असतील तर सामना होणार. त्यासाठीच यंदा २६ जणांचे संघ.

माझा अंदाज फ्रान्स. एम्बापे, ग्रीझमन, आणि इतक्या वर्षांनी बेंझेमा परत.

सदर_गोली | १० जून, सकाळी ७:१५

इटली! प्रशिक्षक मांचिनीच्या हाताखाली २०१८ च्या सप्टेंबरपासून हरलेले नाहीत. इटलीने बर्गामोत काय भोगलं ते आठवा. गेल्या वर्षी १९ फेब्रुवारीला अटलांटाचा सामना बघायला चाळीस हजारांवर माणसं बर्गामोहून मिलानला गेली होती, आणि महिन्याभरात त्या गावातून शवपेट्या नेणारे लष्कराचे ट्रक सगळ्या जगाने पाहिले. या वर्षी त्यांनी जिंकावं असं मनापासून वाटतं.

वऱ्हाडी_बॅक | १३ जून, सकाळी ९:०५

काल रात्री डेन्मार्कचा एरिक्सन युरोच्या सामन्यात मैदानातच पडला ते पाह्यलं का कोणी? छातीत धस्स झालं. शुद्धीवर आला हे वाचल्यावरच झोप लागली. आमच्या ग्रुपवर एकानं टाकलं का लसीमुळं झालं. खरं आहे का हे?

लॅबताई | १३ जून, सकाळी ९:३०

नाही. त्याच्या इंटर मिलान क्लबचे संचालक मारोत्ता यांनी सांगितलं आहे की त्याला कोरोनाही झाला नव्हता आणि लसही घेतलेली नव्हती. तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि ज्याने पाठवला त्यालाही हे कळवा.

त्याला वाचवलं ते लगेच मैदानातच छाती दाबायला सुरुवात केल्याने आणि शॉक देणाऱ्या यंत्राने. आपल्या किती मैदानांवर हे येणारी दोन माणसं असतात? टेस्टच्या चर्चेत हेही जोडा. सीपीआर, म्हणजे हे छाती दाबणं, शिकायला फार पैसे लागत नाहीत.

कामठीकर | १३ जून, सकाळी १०:००

जोडलं. आमच्याकडून दोन मोठी पोरं शिकायला तयार आहेत.

स्वीपर | १५ जून, रात्री ९:४५

अफगाणिस्तानशी १-१. पुढच्या टप्प्यात गेलो. ७५ व्या मिनिटाला त्यांचा गोलकीपर अझीझी याच्या हातून बॉल सुटून स्वतःच्याच जाळ्यात गेला, सात मिनिटांत झमानीने फेडला. बरोबरी पुरेशी होती, मिळाली. सात गुण, गटात तिसरे.

धागाकर्त्यांनी मागितलेले चार गुण आले. त्यांचं अभिनंदन. पण तीन सामन्यांत गोल छेत्रीचे दोन आणि एक समोरच्या गोलकीपरचा. एशियन कपच्या पात्रतेत हे चालणार नाही.

मोहननगर_११ | १६ जून, सकाळी ८:३०

चालणार नाही, कबूल. पण पाच सामन्यांत तीन गुण असलेला संघ रद्द झालेल्या कॅम्पनंतर, मधला खेळाडू हॉटेलच्या खोलीत असताना, दहा जणांनी कतारसमोर टिकला आणि पुढे गेला. मला या पोरांचा अभिमान वाटतो. पुढच्या फेरीआधी त्यांना सलग महिन्याभराचा कॅम्प मिळाला तर हाच संघ वेगळा दिसेल.

आपल्या कामाचं: मैदानं उघडण्यासाठी द्यायच्या पत्राचा मसुदा लॅबताईंना पाठवला आहे. आधी अठराच्या वरच्यांची लस, मग सराव करणाऱ्यांची दररोज गुळण्यांची टेस्ट, एक पॉझिटिव्ह आल्यास फक्त त्याला आणि त्याच्या जवळच्यांना घरी ठेवणं, वस्तीतल्या ज्येष्ठांसाठी वाटा, प्रत्येक मैदानावर सीपीआर येणारी दोन माणसं. काही राहिलं असेल तर सांगा.

लॅबताई | १६ जून, दुपारी १:५०

वाचला. ‘दररोज’ काढा, ‘आठवड्यातून दोनदा’ लिहा. दररोज कोणालाच जमणार नाही आणि पत्र तिथेच बाजूला पडेल. ‘जवळचे’ म्हणजे कोण ते स्पष्ट करा: एकाच ऑटोतून आलेले, बाटली वाटून घेतलेले, घरचे. पूल करायचा की नाही ते लॅबवर सोडा. आणि एक वाक्य ठळक घाला. ताप किंवा खोकला असलेल्या पोराने मैदानावर यायचंच नाही, त्याची टेस्ट वेगळी होईल, आणि घरी राहिला म्हणून संघातली त्याची जागा जाणार नाही.

कामठीकर | १६ जून, दुपारी २:०५

ते शेवटचं वाक्य सगळ्यात वर घ्या.